शेअर आणि फंडांचे भाव गूगल शीटमध्ये आपोआप कसे आणायचे

नागपुरात शेअर बाळगून असलेली माणसं दिसतात त्याहून बरीच जास्त आहेत. वेकोलितून, म्हणजे कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफिल्ड्समधून, निवृत्त झालेल्यांकडे कोल इंडियाचे २०१० च्या आयपीओतले (कंपनीने पहिल्यांदा लोकांना विकलेले) शेअर पडून असतात, मॉइल या मँगनीजच्या सरकारी कंपनीतल्यांकडे मॉइलचे, आणि मिहानमध्ये नोकरीला लागलेल्या पोरांच्या फोनमध्ये दोन-तीन ब्रोकरची अ‍ॅप असतात. अडचण सगळ्यांची सारखीच. थोडं या अ‍ॅपमध्ये, थोडं बायकोच्या डीमॅटमध्ये, म्युच्युअल फंड तिसरीकडे. मग एकूण किती झालं आणि त्यावर खरंच किती सुटलं, हे विचारलं की उत्तर अंदाजानेच येतं.

गूगल शीटमध्ये हे काम फुकटात होतं. भाव आणणारं फंक्शन शिकायला दहा मिनिटंही लागत नाहीत. वेळ जातो तो बाकीच्या गोष्टींत, म्हणून या लेखातही जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

एक सूचना आधीच देतो. इथे सगळे फॉर्म्युले देवनागरीत लिहिले आहेत, फोनवर कुणाला सांगावेत तसे. शीटमध्ये टाइप करताना फंक्शनचं नाव, कंपनीचा सिम्बॉल, सेलचं नाव आणि आकडे हे सगळं इंग्रजीतच टाकायचं. फंक्शनच्या नावात जागा सोडायची नाही. गूगल आणि फायनान्स हे शब्द जोडून लिहायचे. बरोबरच्या चिन्हानंतर पहिली चार-पाच अक्षरं टाकली की खाली पूर्ण नाव येतंच, ते निवडा.

आधी तीन टॅब

नवीन शीट उघडल्यावर पहिल्यांदा फाइल, मग सेटिंग्ज, आणि तिथे लोकेल, म्हणजे देशाची निवड, 'इंडिया' आहे का ते पाहा. नसेल तर तारखा महिना-दिवस अशा उलट्या वाचल्या जातात, आणि काही देशांच्या लोकेलमध्ये फॉर्म्युल्यात स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम लागतो. नंतर डोकं धरून बसण्यापेक्षा हे आत्ताच उरका.

आता खाली तीन टॅब करा: व्यवहार, भाव, आढावा.

'व्यवहार' टॅबमध्ये फक्त हाताने भरलेली माहिती: ए कॉलममध्ये तारीख, बीमध्ये सिम्बॉल, सीमध्ये खरेदी की विक्री, डीमध्ये नग, ईमध्ये दर. विक्रीचे नग उणे चिन्हाने लिहा. 'भाव' टॅबमध्ये इंटरनेटवरून येणारे आकडे, आणि प्रत्येक कंपनी तिथे एकदाच. 'आढावा' टॅबमध्ये सिम्बॉल सोडून हाताने काहीच लिहायचं नाही, तिथे नुसती बेरीज-वजाबाकी.

हाताने भरलेलं आणि आपोआप आलेलं कधीही एका कॉलममध्ये मिसळू नका, हा माझा एकमेव हट्ट आहे. गूगलकडून येणारा भाव क्वचित चुकतो. चुकतात ते आपण भरलेले नग आणि तारखा, आणि सगळं एकत्र असलं की चूक कुठल्या सेलमध्ये आहे ते सापडत नाही. भरलेल्या आकड्यांना निळा रंग आणि फॉर्म्युल्यांना काळा ठेवला तर अर्धं काम तिथेच झालं.

नग आणि दर ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरून घ्या. जुने शेअर असतील तर डीमॅटच्या नोंदी सांभाळणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून ईमेलवर येणारं एकत्रित खातेविवरण, ज्याला सगळे कॅस म्हणतात, ते काढा. त्यात नग बरोबर मिळतात, पण खरेदीचा दर मिळेलच असं नाही.

पहिला भाव

'भाव' टॅबमध्ये ए२ सेलमध्ये लिहा:

एनएसई:एमओआयएल

आणि शेजारी बी२ मध्ये:

=गूगलफायनान्स(ए२,"प्राइस")

एंटर दाबलं की मॉइलचा भाव हजर. एनएसई म्हणजे नॅशनल स्टॉक एक्स्चेंज. ए३ मध्ये एनएसई:कोलइंडिया, ए४ मध्ये आपल्या नागपूरच्याच सोलर इंडस्ट्रीजसाठी एनएसई:सोलरइंड्स, आणि बी२ चा कोपरा धरून खाली ओढा.

सिम्बॉल म्हणजे कंपनीचं नाव नव्हे. एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनी शोधली की तिचा सिम्बॉल दिसतो, तो जसाच्या तसा घ्यायचा. महिंद्राच्या सिम्बॉलमधलं 'अँड'चं चिन्ह किंवा बजाज ऑटोमधली आडवी रेघसुद्धा गाळायची नाही. शेअर फक्त बीएसईवर, म्हणजे मुंबई शेअर बाजारात, असेल तर आधी 'बीएसई' लिहून चालत नाही, तिथे 'बॉम' लागतं, म्हणजे इंग्रजी बी, ओ, एम, आणि पुढे सहा आकडी कोड. उदाहरणार्थ रिलायन्स बॉम:५००३२५ असं येतं. नवख्यांचा पहिला अर्धा तास बहुतेक वेळा याच एका गोष्टीत जातो.

'प्राइस'च्या जागी दुसरे शब्दही चालतात. कालचा बंद भाव हवा तर क्लोजयेस्ट, आज किती टक्के हलला ते चेंजपीसीटी, वर्षभरातला उच्चांक हाय५२ आणि नीचांक लो५२, किंमत-मिळकत गुणोत्तर पीई, प्रतिशेअर मिळकत ईपीएस, बाजारमूल्य मार्केटकॅप. प्रत्येक कंपनीसाठी प्रत्येक गोष्ट मिळेलच असं नाही. लाभांशाचा हिशेब मात्र या फंक्शनवर सोडू नका. तो बँकेच्या खात्यावरून हाताने भरायचा, आणि पीएसयूचे, म्हणजे सरकारी कंपन्यांचे, शेअर असणाऱ्यांनी तर नक्कीच भरायचा, कारण त्यांच्या परताव्याचा मोठा भाग तोच असतो.

निर्देशांकासाठी इंडेक्सएनएसई:निफ्टी_५० आणि इंडेक्सबॉम:सेन्सेक्स. डॉलरचा दर =गूगलफायनान्स("करन्सी:यूएसडीआयएनआर") असा येतो; मुलगा अमेरिकेत असला तर हा सेल रोज उघडला जातोच.

सोन्याचं विचाराल तर इतवारीच्या सराफ्यातला भाव यात येत नाही. एनएसई:गोल्डबीज या ईटीएफवरून, म्हणजे शेअरसारख्या बाजारात विकल्या जाणाऱ्या सोन्याच्या फंडावरून, अंदाज बांधता येतो, त्याचं एक युनिट साधारण ०.०१ ग्रॅम सोन्याइतकं असतं. पण दुकानातल्या बिलावर ३ टक्के जीएसटी आणि घडणावळ असते, तेव्हा दागिन्यांची किंमत यावरून काढू नका. कळमन्यातला संत्र्याचा भावही इथे शोधू नका.

बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो. शीटमधला भाव वीस मिनिटांपर्यंत मागे असू शकतो, असं गूगल स्वतःच सांगतं. हिशेबाला हे पुरेसं आहे. शीटकडे बघून दिवसभरात खरेदी-विक्री करणाऱ्यासाठी ही जागा नाही.

नग जुळवणं

'आढावा' टॅबमध्ये ए२ ला तोच सिम्बॉल, आणि बी२ मध्ये हातातले नग:

=समइफ(व्यवहार!बी:बी,ए२,व्यवहार!डी:डी)

टॅबचं नाव टाइप करत बसू नका. कंस उघडल्यावर माऊसने त्या टॅबवर जाऊन कॉलम निवडला की नाव आपोआप बसतं. सी२ मध्ये आजचा भाव:

=व्हीलूकअप(ए२,भाव!ए:बी,२,फॉल्स)

शेवटचा 'फॉल्स' गाळला तर शीट जवळपासचा सिम्बॉल पकडते आणि चुकीचा भाव अगदी आत्मविश्वासाने दाखवते. डी२ मध्ये बी२ गुणिले सी२ केलं की आजचं मूल्य तयार.

आता बोनसची गोष्ट, कारण घोटाळा इथेच होतो. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला, २८ ऑक्टोबर ही रेकॉर्ड डेट होती, म्हणजे त्या दिवशी ज्यांच्या नावावर शेअर होते त्यांना बोनस. ज्याच्याकडे १० शेअर होते त्याचे २० झाले आणि भाव साधारण निम्मा झाला. भाव तर शीटमध्ये आपोआप बदलला, पण 'व्यवहार' टॅबमध्ये १० च राहिले. म्हणजे शीट अर्धी रक्कम बुडाल्याचं सांगणार, आणि घरात त्यावरून चर्चा होणार! उपाय सोपा आहे. बोनसची एक नवी ओळ टाका: तारीख वाटपाची, नग १०, दर ०. जुन्या ओळीत खाडाखोड करू नका, कारण बोनस शेअरचा धारणकाळ वाटपाच्या तारखेपासून मोजला जातो आणि विकताना ती तारीख लागते. विभाजन, म्हणजे एका शेअरचे लहान किमतीचे अनेक शेअर, झालं असेल तर उलट जुन्याच ओळीत नग वाढवायचे आणि दर त्या प्रमाणात कमी करायचा.

मागच्या तारखेचा भाव

याच फंक्शनला तारीख दिली की ते भूतकाळातही जातं:

=गूगलफायनान्स("एनएसई:कोलइंडिया","क्लोज",डेट(२०२४,४,१))

उत्तर मात्र एका सेलमध्ये येत नाही. वर मथळ्यांची ओळ, खाली तारीख आणि भाव असा दोन बाय दोनचा चौकोन येतो. नुसता आकडा हवा असेल तर:

=इंडेक्स(गूगलफायनान्स("एनएसई:कोलइंडिया","क्लोज",डेट(२०२४,४,१)),२,२)

दुसरी ओळ, दुसरा कॉलम. तारीख अवतरणात न लिहिता डेट फंक्शनने द्या, म्हणजे दिवस आधी की महिना आधी हा वादच उरत नाही.

सुट्टीची तारीख दिली की #एन/ए येतं. आर्थिक वर्षाच्या शेवटी हे हमखास होतं. ३१ मार्च २०२४ ला रविवार होता, ३० ला शनिवार, आणि २९ ला गुड फ्रायडे. म्हणजे त्या वर्षाचा शेवटचा भाव २८ मार्चचा. अशा वेळी एक कोरा कोपरा पकडून २० मार्च ते १ एप्रिल असा पट्टा मागवा, डेट(२०२४,३,२०) आणि डेट(२०२४,४,१) अशा दोन तारखा देऊन. सगळे कामकाजाचे दिवस खाली ओळीने उतरतात आणि हवा तो दिवस डोळ्यांनी उचलता येतो. एका सेलमध्ये मावेल असा भारी फॉर्म्युलाही रचता येईल, पण सहा महिन्यांनी तो तुमचा तुम्हालाच वाचता येणार नाही.

वर्षभराची चाल एका सेलमध्ये बघायची हौस असेल तर:

=स्पार्कलाइन(गूगलफायनान्स(ए२,"क्लोज",टुडे()-३६५,टुडे()))

कॉलम थोडा रुंद करा, छोटीशी रेघ उमटते. उपयोग फारसा नाही, पण दिसते छान.

३१ जानेवारी २०१८

मागच्या भावाचा खरा उपयोग जुने शेअर विकताना होतो. ज्यांच्याकडे कोल इंडियाचे आयपीओतले शेअर आहेत त्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

२०१८ च्या अर्थसंकल्पात नोंदणीकृत शेअरच्या दीर्घकालीन नफ्यावर पुन्हा कर आला, पण ३१ जानेवारी २०१८ पर्यंतच्या वाढीला संरक्षण मिळालं. त्यासाठी त्या दिवशीचा बाजारातला सर्वांत वरचा भाव धरायचा असतो, बंद भाव नाही. म्हणून इथे 'क्लोज' नको, 'हाय' हवं:

=इंडेक्स(गूगलफायनान्स("एनएसई:कोलइंडिया","हाय",डेट(२०१८,१,३१)),२,२)

मग करासाठी धरायची खरेदी किंमत:

=मॅक्स(खरेदी दर,मिन(३१ जानेवारीचा उच्चांक,विक्री दर))

शब्दांच्या जागी आपापले सेल द्या. आकड्यांत बघू. आयपीओचा दर २४५ होता. ३१ जानेवारीचा उच्चांक समजा ३००. तुम्ही ४०० ला विकले तर धरायची किंमत ३००, नफा १००. २८० ला विकले तर किंमत २८०, म्हणजे नफा शून्य. आणि २०० ला विकायची वेळ आली तर किंमत २४५, तोटा ४५. एका फॉर्म्युल्यात तिन्ही शक्यता बसतात, म्हणून तो मला आवडतो.

२३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या वर १२.५ टक्के दर लागू झाला. शीटमधला आकडा नियोजनासाठी वापरा. रिटर्न भरताना ३१ जानेवारी २०१८ चा भाव एक्स्चेंजच्या नोंदीवरून पडताळून मगच सीएकडे द्या. त्या तारखेनंतर कंपनीचा बोनस किंवा विभाजन झालं असेल तर ही पडताळणी सोडूच नका.

म्युच्युअल फंड

फंडांसाठी मी गूगलफायनान्सच्या भरवशावर राहत नाही. देशातल्या सगळ्या योजनांची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, अ‍ॅम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर रोजच्या रोज एका मजकूर फाइलमध्ये मिळते. मोबाइलवर हे जमणार नाही, कॉम्प्युटर घ्या.

फाइल उघडा, सगळं निवडून कॉपी करा, 'एनएव्ही' नावाच्या नव्या टॅबच्या ए१ मध्ये पेस्ट करा. सगळा मजकूर एकाच कॉलममध्ये, अर्धविरामांनी तोडलेला दिसेल. ए कॉलम निवडा, डेटा मेन्यूत 'स्प्लिट टेक्स्ट टू कॉलम्स' दाबा आणि विभाजक म्हणून अर्धविराम निवडा. आता पहिल्या कॉलममध्ये योजनेचा कोड, मग दोन आयएसआयएन (योजनेचे ओळख क्रमांक), मग योजनेचं नाव, पाचव्यात एनएव्ही आणि सहाव्यात तारीख. पेस्ट केल्यावर कॉलम एकदा मोजून घ्या. मग:

=व्हीलूकअप(ए२,एनएव्ही!ए:एफ,५,फॉल्स)

ए२ मध्ये योजनेचं नाव नव्हे, कोड. एकाच फंडाच्या चार-चार ओळी असतात: डायरेक्ट, रेग्युलर, आणि दोन्हींत ग्रोथ व आयडीसीडब्ल्यू (पूर्वीचा डिव्हिडंड पर्याय). एजंटमार्फत घेतलेला फंड रेग्युलर असतो. त्याच्यापुढे डायरेक्टची एनएव्ही लावली तर शीटमध्ये तुम्ही उगाच श्रीमंत दिसाल. आपल्या विवरणातला आयएसआयएन फाइलमध्ये शोधून त्याच ओळीचा कोड उचलला की चूक होत नाही.

हे पेस्टिंग रोज करायची गरज नाही. महिन्यातून एकदा पुरे.

खरंच किती सुटलं

समजा १ एप्रिल २०२४ ला एक लाख गुंतवले, १ ऑक्टोबरला आणखी पन्नास हजार. १ एप्रिल २०२५ ला मूल्य एक लाख साठ हजार. घातले दीड लाख, सुटले दहा हजार, म्हणजे ६.६७ टक्के? नाही, कारण पन्नास हजारांना सहाच महिने मिळाले. इथे एक्सआयआरआर लागतो, म्हणजे प्रत्येक रकमेची तारीख धरून वार्षिक परतावा काढणारं फंक्शन.

एका कॉलममध्ये तारखा, शेजारी रकमा. खिशातून गेलेली रक्कम उणे, आजचं मूल्य अधिक:

१ एप्रिल २०२४, -१०००००
१ ऑक्टोबर २०२४, -५००००
१ एप्रिल २०२५, १६००००

=एक्सआयआरआर(बी२:बी४,ए२:ए४)

आधी रकमा, मग तारखा. हा क्रम उलटा पडला की उत्तर विचित्र येतं. सेलला टक्केवारीचा फॉरमॅट दिला की ८ टक्क्यांच्या किंचित वर आकडा दिसेल. एसआयपी असेल तर दर महिन्याची ओळ, मिळालेला लाभांश अधिक चिन्हाने त्या त्या तारखेला, आणि शेवटच्या ओळीत टुडे() व 'आढावा'तलं एकूण मूल्य. मग हा आकडा बँकेच्या एफडीशेजारी ठेवून बघा. काहींना आनंद होतो, काही जण शीटच बंद करतात.

अडलं तर

#नेम? आलं तर फंक्शनचं स्पेलिंग चुकलं आहे. #एन/ए म्हणजे सिम्बॉल चुकला, सुट्टीची तारीख आली किंवा गूगल तात्पुरतं रुसलं, तासाभराने बघा. #रेफ! आलं आणि मागचे भाव मागवले असतील तर खालचे किंवा शेजारचे सेल रिकामे नाहीत, चौकोन पसरायला जागा द्या. एनएव्हीचा व्हीलूकअप सापडत नसेल तर कोडचा सेल मजकूर म्हणून भरलेला असतो. त्याला आकड्याचा फॉरमॅट देऊन पुन्हा टाइप करा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फॉर्म्युला चिकटवला आणि #एरर! दिसलं, तर अवतरणचिन्हं बघा. मेसेजमध्ये ती वाकडी होतात, शीटला सरळ लागतात. पुसून हाताने टाइप केली की चालतं.

सगळं आयएफएररमध्ये (चूक आली की तिच्या जागी आपण ठरवलेलं दाखवणारं फंक्शन) गुंडाळून चुका लपवायचा मोह होतो. 'भाव' टॅबमध्ये तसं करू नका. भाव आला नाही तर तिथे लाल #एन/ए दिसलेलाच बरा, शून्य दिसला तर एकूण बेरीज गुपचूप कमी होते.

एक्सेलवाल्यांसाठी

एक्सेलमध्ये गूगलफायनान्स नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी असेल तर स्टॉकहिस्ट्री हे फंक्शन मिळतं, आणि त्यात एनएसईसाठी सिम्बॉलच्या आधी एक्सएनएसई: लावायचं. ते मागचे भाव देतं. चालू भावासाठी डेटा टॅबमधला 'स्टॉक्स' हा प्रकार वापरावा लागतो. सीताबर्डीच्या क्लासमध्ये शिकलेलं जुनं विकत घेतलेलं एक्सेल असेल तर दोन्ही नाहीत. व्हीलूकअप, समइफ आणि एक्सआयआरआर मात्र दोन्हीकडे सारखेच.

महिनाअखेरीची नोंद

भाव सतत बदलत असल्यामुळे मागच्या महिन्यात एकूण किती होतं ते शीट विसरते. त्यासाठी 'नोंद' नावाचा चौथा टॅब करा. महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी साडेतीननंतर 'आढावा'तली एकूण रक्कम कॉपी करा आणि तिथे कंट्रोल-शिफ्ट-व्ही ने पेस्ट करा. त्याने फॉर्म्युला न येता फक्त आकडा येतो. शेजारी तारीख लिहा.

शीट घरच्यांपैकी एकाला तरी 'व्ह्यूअर' म्हणून त्यांच्या ईमेलवर शेअर करा. 'लिंक असलेल्या कुणालाही' हा पर्याय बंद ठेवा, आणि पॅन, डीमॅट क्रमांक, पासवर्ड यातलं काहीही शीटमध्ये लिहू नका. ब्रोकरचं नाव आणि नॉमिनी कोण, एवढं पुरतं.